तारेखालचा शुक्रवार

माझा उजवा हात कोपराच्या खाली चार बोटांवर संपतो. बाजारात नवा माणूस भेटला की त्याची नजर आधी तिथं जाते, मग माझ्या तोंडाकडं येते आणि मग तो उगाच पीकपाण्याची चौकशी करायला लागतो. मीच त्याला सोडवतो. म्हणतो, विजेनं गेला, विचारा काय विचारायचं ते.

हे मी डाव्या हातानं लिहितो आहे. अक्षर वाईट आहे, पण उजव्या हाताचं काही मोत्यासारखं नव्हतं. निजामाच्या शाळेत चौथीपर्यंत उर्दूतून शिकलो, मराठी थोरल्या भावानं घरी शिकवली, आणि दोन्हींपायी सारखाच मार खाल्ला. आता लिहायला बसलो याचं कारण असं की आमच्या भागात गावोगाव विजेचे खांब उभे राहायला लागले आहेत, आणि अधूनमधून कुणीतरी भाजल्याचं कानावर येतं. त्याच्या घरची माणसं मग माझ्या दारात येतात. डॉक्टरांनी सांगायचं ते सांगितलेलं असतं. यांना माझ्याकडून एवढंच हवं असतं की पुढं माणसाचं काय होतं. ते मी इथं लिहितो. कुणाला हळहळायला वाचायचं असेल तर त्यानं इथंच थांबलेलं बरं.

*

ढोकी स्टेशनापासून आमचं गाव दोन कोसांवर. स्टेशनाजवळ एका शेठची कापसाची जिनिंग होती आणि तिला स्वतःचं इंजिन होतं. त्या इंजिनाची वीज शेठनं आमच्या गावापलीकडच्या आपल्या तेलाच्या गिरणीपर्यंत नेली. मधे आमचं रान. बांधावर खांब रोवले, वरून तार गेली. कुणी विचारलं नाही, आम्हीही कुणाला हटकलं नाही. निजामाच्या राज्यात शेठ लोकांना हटकायची रीत नव्हती.

ही तार दिव्याच्या तारेसारखी नसते. दिव्याच्या तारेनंही माणूस मरतो, पण तिला शिवावं तरी लागतं. लांब पल्ल्याच्या तारेत विजेचा दाब एवढा असतो की लोखंड नुसतं जवळ नेलं तरी ती झेप घेते. हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्हाला कळत होतं ते एवढंच, की तिच्यावर बसलेला कावळा मरत नाही आणि एकदा तिला लागलेल्या ओल्या फांदीनं जागच्या जागी धूर काढला.

म्हणून गावानं आपली एक सोय करून घेतली होती. निजामाच्या राज्यात सुट्टी शुक्रवारी असायची, कचेऱ्यांना आणि शाळांना. जिनिंगही जुम्म्याला बंद, इंजिन बंद, तार थंड. तारेखालची बाभळ तोडायची असो, गंजी रचायची असो, कडब्याची उंच गाडी त्या वाटेनं न्यायची असो, ते काम शुक्रवारी निघायचं. आम्ही लिंगायत सोमवारी बैल जुंपत नाही, तो नंदीचा दिवस. तसाच हा तारेचा शुक्रवार आमच्या अंगवळणी पडला होता. आम्ही त्याला जुम्म्याचं काम म्हणायचो.

मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. गावात झेंडा लागला, पेढे वाटले. कचेऱ्यांची सुट्टी रविवारी गेली आणि मागोमाग जिनिंगचीही गेली. आम्हाला त्याचं काय? शेतकऱ्याला सुट्टी कसली? माहीत असलं तरी डोक्यात शिरलं नव्हतं की सुट्टीबरोबर तारही हलली. पावसाळ्यानंतर त्या बाजूला उंच काम निघालंच नव्हतं. ज्वारी निघाली, कडबा वाहायचा आला, आणि थोरले भाऊ अप्पा म्हणाले की जुम्म्याला गाड्या भरू.

*

गाडी तारेच्या थोडं अलीकडं भरायची होती. पण एका चाकाखाली माती भुसभुशीत होती म्हणून ती पुढं घेतली. मी वर उभा, अप्पा खालून पेंढ्या फेकत होते. लांबची पेंढी ओढायला माझ्या हातात ओल्या कळकाची आकडी होती, टोकाला लोखंड. गाडी आवळायची साखळी आडवी टाकली होती, तिचं टोक खाली मातीला टेकलेलं, आणि तिच्यावर माझा पाय. पेंढी ओढून मी आकडी खांद्यावरून मागं घेतली.

त्यापुढचं मला आठवत नाही. आवाज झाला म्हणतात, मला आवाजही आठवत नाही. अप्पांनी सांगितलं ते असं की मी मागच्या मागं खाली पडलो आणि वरचा कडबा पेटला. अप्पांनी आधी जू सोडून बैल हाकलले आणि मग मला पायाला धरून ओढलं. आधी बैल, मग मी, हे त्यांनी स्वतःच सांगितलं आणि सांगताना ते रडले. मी त्यांना तेव्हाच म्हणालो की मीही तेच केलं असतं. बैल पेटती गाडी घेऊन उधळले असते तर मी चाकाखालीच होतो.

शुद्धीवर आलो तेव्हा अंग दुखत नव्हतं. हे मुद्दाम लिहितो, कारण घरच्यांना इथंच फसायला होतं. मी बोलत होतो, पाणी मागत होतो, तळव्याला एक काळा डाग आणि टाचेजवळ एक भोक, एवढंच दिसत होतं. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, देवानं राखलं, हळद लावा. अप्पांनी मात्र ऐकलं नाही. ढोकीहून रेल्वेच्या लहान गाडीत घालून त्यांनी मला बार्शीच्या दवाखान्यात नेलं. वरून एवढासा डाग दिसतो आणि आत सगळी वाट जळलेली असते. ज्याच्या माणसाला असा झटका बसला आहे त्यानं जखमेच्या आकाराकडं पाहू नये, गाडी गाठावी.

*

दवाखान्यातले डॉक्टर तापट होते, आणि मला तापट माणसं समजतात. रोज सकाळी येऊन ते माझी बोटं टाचणीनं टोचायचे आणि विचारायचे, कळतंय का? पहिल्या दिवशी मी व्हय म्हणालो. खोटं बोललो होतो. त्यांना ते कळलं असावं, कारण त्यांनी मला डोळे मिटायला लावून पुन्हा टोचलं आणि मी गप्प राहिलो. मग बोटं काळी पडत गेली, वाळलेल्या शेंगांसारखी, आणि एक वास यायला लागला. तो वास माझ्या हाताचा आहे हे मला सगळ्यात उशिरा कळलं.

भीती वाटली का? वाटली. एवढी वाटली की मी शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी बिनकामाचं भांडण काढलं, त्याच्या खोकण्यावरून. माझी बायको गंगू पायाशी बसलेली असायची. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. ती भांडण मिटवायची नाही, नुसती माझ्याकडं बघायची, आणि मग मला लाज वाटायची. जखम धुवायची वेळ आली की मात्र ती बाहेर जायची. तिला सोसत नव्हतं आणि तिनं ते लपवलं नाही. तिथल्या नर्सबाई पट्टी ओढण्याआधी कोमट पाण्यात भिजवून ठेवायच्या. तेवढ्याशा वेळाचे त्यांचे उपकार मी अजून विसरलेलो नाही. दुसरी एक बाई होती, ती फर्रकन ओढायची. तिलाही विसरलेलो नाही.

मग एका सकाळी डॉक्टर खुर्ची ओढून बसले. ते बसले तेव्हाच मला कळलं. म्हणाले, हात काढावा लागेल, आणि विष वर चढू नये म्हणून कोपराच्या वरून काढतो.

अप्पांनी मान खाली घातली. मी विचारलं, "कोपर ठेवून न्हाय का व्हत?"

"ठेवलं आणि पुढं चिघळलं तर पुन्हा कापावं लागेल. जिवालाही धोका आहे."

"म्या कुणबिकी करणारा माणूस हाय, डॉक्टर. कोपर असलं तर त्याला कासरा अडकवता येतो. खांद्याला काय अडकवू?"

ते चिडले. म्हणाले, जीव वाचला तर कासरा. मी म्हणालो, कासराच नसेल तर जीव घेऊन मी कुठं बसू? अप्पा मधे पडले, डॉक्टरांची माफी मागायला लागले. मी अप्पांना गप्प बसवलं, आयुष्यात पहिल्यांदा. डॉक्टर उठून गेले. दुपारी परत आले, कोपराभोवती चारी बाजूंनी दाबून पाहिलं, आणि म्हणाले की खालून काढतो, पण बिघडलं तर पुन्हा टेबलावर घेईन आणि तेव्हा तू तोंड उघडायचं नाही. मी कबूल केलं.

बिघडलं नाही. बिघडलंही असतं, हे मला ठाऊक आहे. तेव्हा डॉक्टरांशी भांडा असा सल्ला मी कुणाला देणार नाही. विचारा एवढं म्हणतो. आपला हात आहे, आपण त्यानं काय करतो हे डॉक्टरांना आपणच सांगायचं असतं.

*

हात गेल्यावर गेलेल्या हाताला खाज सुटते. तळव्याच्या बरोबर मधे. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी वेडा झालो असं समजून घाबरलो नसतो, म्हणून सांगतो. ती सुटते, दुखतंही, आणि हळूहळू कमी होतं. मला अजून कधीतरी थंडीत होतं. मी शिव्या देतो.

आईला आम्ही अव्वा म्हणतो. अव्वा दवाखान्यात आली ती माझं जेवण घेऊन. मी डाव्या हातानं भाकरी मोडली तेव्हा तिनं हात धरला. डाव्या हातानं जेवायचं नाही, ती भरवेल, गंगू भरवेल. चोवीस वर्षांच्या घोड्याला भरवणार. मी म्हणालो, "अव्वा, आपण रोज लिंग कोणत्या हातावर ठिवतो?"

आमच्यात गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर ठेवून उजव्या हातानं पूजा करतात.

"देवाला ज्यो हात चालतो, त्यो भाकरीला का चालत न्हाय?"

तिनं माझा हात सोडला आणि पदर तोंडाला लावला. मी जेवलो. अर्धी आमटी अंगावर सांडली, पण जेवलो. पूजेचं मात्र अडलं. लिंग धरायला हात होता, बेल वाहायला नव्हता. गंगूनं काही न विचारता बेलाचं पान उचललं आणि माझ्या तळहातावरच्या लिंगावर ठेवलं. तेव्हापासून आमची पूजा दोघांची मिळून एक होते. भांडण झालेलं असलं तरी होते, तेव्हा ती पान जरा जोरात ठेवते.

*

जिनिंगचे दिवाणजी मोसंबी घेऊन आले. गोड माणूस. म्हणाले, झालं ते वाईट झालं, शेठना फार वाईट वाटलं. फौजदार विचारायला येतील तेव्हा माझ्याच चुकीनं मी तारेजवळ गेलो एवढं सांगावं. बरा झालो की गिरणीच्या फाटकावर चौकीदार म्हणून घेऊ, सावलीला स्टूल देऊ, जन्माची काळजी मिटली. मी अप्पांकडं पाहिलं. अप्पा खिडकीबाहेर बघत होते. त्यांना हे आधीच ठाऊक होतं आणि ते हो म्हणून बसले होते.

मी दिवाणजींना विचारलं की सुट्टी बदलली, शुक्रवारी तार चालू राहणार, हे आमच्या गावात कुणी सांगितलं. ते म्हणाले, फाटकावर पाटी लावली होती.

"पाटी फाटकावर, दिवाणजी. अन् तार आमच्या रानात."

ते हसले, म्हणाले, विचार कर. मी म्हणालो, विचार झाला. फौजदारांना मी घडलं तसंच सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं आणि त्याचं पुढं काही झालं नाही. पण पुढच्या हंगामात आमच्या गावच्या कापसाच्या गाड्या त्या जिनिंगकडं न वळता सरळ बार्शीला जायला लागल्या, तेव्हा मात्र गाडीवाटेवरचे खांब उंच झाले आणि तार कधी बंद, कधी चालू याची दवंडी पिटली जायला लागली. मोसंबी मी खाल्ली. माझा राग मोसंबीवर नव्हता.

*

दवाखान्यात माणूस शूर असतो, खरी परीक्षा घरी आल्यावर. घरी सगळे हळू बोलायला लागले. मला पाहून लोक हसणं थांबवायचे. अप्पा मला काम सांगत नव्हते. मी खुरपं उचललं की ते काढून घ्यायचे, बैलांना पाणी दाखवायला गेलो की कुणीतरी आधीच गेलेलं असायचं. एकदा जेवताना ते म्हणाले की स्टुलाची जागा अजून कुणाला दिलेली नाही. मी ताट सरकवून उठलो. त्या दिवशी मी अप्पांना नाही नाही ते बोललो, त्यांनी मला बैलांनंतर ओढलं हेही काढलं. ते मी काढायला नको होतं. ते उठून रानात गेले.

अप्पा वाईट नव्हते. त्यांना मी जिवंत हवा होतो, बाकी काही नको होतं. आजारी माणसाच्या घरच्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की जिवंत आहे एवढ्यावर त्याचं भागत नाही. त्याला काम सांगा. चुकू द्या. चुकलं की रागवाही. माझ्यावर घरात कुणी रागवेना तेव्हा मला वाटायचं की मी मेलोच आहे आणि हे लोक मला सांगत नाहीत.

गंगू तेवढी रागवायची. कासरा थोटकाला अडकवून एका हातानं तिफणीचं रुमणं, म्हणजे मागचा दांडा, दाबायचं कसं, हे आम्ही दोघांनी घरामागं शिकून घेतलं. ओसाड जागा, रिकामी तिफण, आमचा म्हातारा बैल आणि शेजाऱ्याकडून मागून आणलेला दुसरा. कातडी सोलली, पुन्हा पट्टी बांधली. गंगू म्हणायची, "रेघ वाकडी चाललीया, डोळं कुठं हायत तुमचं?" त्या शब्दांनी मला जेवढं बरं केलं तेवढं कुठल्या औषधानं केलं नाही.

*

ज्वारीच्या पेरणीचे दिवस आले. अप्पांनी वाफसा पाहिला, तिफण जुंपली. तारेखालचा पट्टा मात्र सोडायचा ठरवला. म्हणाले, तिथं या साली नको, पड राहू दे. खांबापासून खांबापर्यंत आमच्या रानाची मधली पट्टी, चांगली काळी जमीन.

मी म्हणालो, "तार वर हाय, अप्पा. तिफण खाली हाय. उंच काय न्यायचं न्हाय एवढंच हाय. ती पट्टी म्या पेरणार."

ते न्हाय म्हणाले. मग अव्वा न्हाय म्हणाली. मी बैलांकडं गेलो. अप्पा आडवे आले, माझ्यासमोर उभे राहिले, आणि त्यांचा चेहरा मी पाहिला. तो रागाचा नव्हता. कडबा पेटला तेव्हा त्यांचा चेहरा असाच असेल. थोटकाला कासरा अडकवला, रुमण्यावर हात टाकला आणि उभा राहिलो. शेवटी ते बाजूला झाले.

गंगूनं ओटीत बी घेतलं आणि चाड्यावर मूठ धरली. चाडं म्हणजे तिफणीवरची बी सोडायची वाटी. आमच्याकडं पेरताना ते काम बायकांचं. मी बैलांना हाक दिली. तारेखालून जाताना जो हात नाही त्याची बोटं मिटली. मी वर पाहिलं नाही. तोंडानं बैलांना शिव्या देत राहिलो, म्हणजे मग भीतीला बोलायला जागा राहत नाही. पहिलं तास, म्हणजे पेरणीची रेघ, वाकडं गेलं. दुसरं त्याहून वाकडं. तिसऱ्याला बैलांना माझी ओढ कळली. टाच दुखत होती, थोटकातून पट्टीवर रक्त आलं होतं, गंगूला दिसत होतं आणि ती बी सोडत होती.

अप्पा बांधावर बसले होते. पट्टा संपत आला तेव्हा ते उठून तासांमधून चालत आमच्याकडं आले. मला वाटलं आता कासरा काढून घेणार. मी कोपर अंगाशी आवळून धरलं. त्यांनी वाकडी तासं पाहिली, माझ्या हाताची पट्टी पाहिली. भावजयीशी ते थेट बोलत नसत, म्हणून मलाच म्हणाले, "तिला बसू दे जरा सावलीला. दमलीया."

गंगूनं माझ्याकडं पाहिलं आणि बाजूला झाली. अप्पांनी धोतराचा सोगा ओटीसारखा धरला, तिच्याकडचं बी त्यात घेतलं आणि चाड्यामागं येऊन उभे राहिले. घरातला थोरला, गावात ज्याच्या शब्दाला मान, तो बाईमाणसाच्या जागी. शेजारच्या रानातले लोक काम थांबवून बघायला लागले. अप्पा म्हणाले, "चल. सगळं रान हाय अजून."

मी बैल हाकले. थोडं पुढं गेल्यावर मागं वळून पाहिलं तर बी ढिगानं पडत होतं. अप्पांनी जन्मात कधी चाडं धरलं नव्हतं.

"मूठ आवळून सोडा, अप्पा," मी म्हणालो. "लई दाट पडतंय."

"व्हय," ते म्हणाले, आणि मूठ आवळली.